मागे वळून न बघणारे पहारेकरी

आमच्या चिंचोळीच्या कारखान्याचा वॉचमन भाकरी-चटणी उरकली की मोबाइलवर एकच गेम खेळतो. पहारेकऱ्यांची नजर चुकवत किल्ल्यात शिरायचं, एवढाच खेळ. त्याचा दुसरा भाग येणार म्हणून तो वर्षभर डोळे लावून बसलाय.

"पयल्यातलं पहारेकरी लई येडं हायत, साहेब. रोज एकाच वाटेनं फिरत्यात, मागं वळून बघतच न्हाईत. दुसऱ्यात तरी शाणं करावंत की."

बोलताना तो माझ्या तोंडाकडे नाही, बुटांकडे बघतो. तो पाठीशी येऊन उभा राहिला तरी कळत नाही. गोदामामागचा कॅमेरा कुठवर बघतो, हे त्यानं मला न विचारताच सांगितलं. पहारा करणाऱ्याला चोराच्या वाटा कशाला पाठ हव्यात? माझ्या मनात पाल चुकचुकली. उद्या मॅनेजरच्या कानावर घालायचंच, असं ठरवून मी नेहमीसारखा सुट्टीच्या वीस मिनिटं आधी गोदामामागच्या फाटकातून सटकलो.

"साहेब," पाठीमागून आवाज आला, "तुमीबी रोज याच वाटेनं जाताय. एकदा तरी मागं वळून बघायचं की."