सात नंबरपासून राऊंड

संजना पगारे डॉक्टर झाली तरी तिच्या गालावरची खळी काही गेली नाही. उंची पाच फुटांच्या आतली, चेहरा वाटोळा, डोळे टपोरे. लहानपणी नाशिकच्या उपनगर भागातल्या कॉलनीत येणारा-जाणारा तिचा गाल ओढून जायचा. शाळेत स्वागतगीताला ती पहिल्या रांगेत, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे. थोरली बहीण तिच्यापेक्षा कितीतरी गोड गायची, पण ती कायम मागच्या रांगेत. संजनाला तेव्हा यात काही वावगं वाटलं नव्हतं.

वडील भिकन पगारे नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये कामगार होते. पोरगी धुळ्याला एमबीबीएस करत होती, तेव्हाच त्यांनी घराच्या पुढच्या अंगाला एक खोली काढून रस्त्याकडे दार ठेवलं. आल्यागेल्याला दाखवायचे, "इथं आमच्या संजूचा दवाखाना." संजना २००१ साली मुलांच्या आजारांचा डिप्लोमा घेऊन परतली आणि नाशकातच द्वारका चौकाजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात पूर्णवेळ नोकरी धरून बसली.

"एवढं शिकली ती दुसऱ्याच्या दारात हजेरी लावायला?" भिकन म्हणाले.

"बाबा, तिथं दिवसभर कुणीतरी डॉक्टर लागतो."

"मग ठेवतील कुणाला तरी. तूच कशाला?"

त्यांचंही चुकत नव्हतं. तेव्हाच्या नाशकात डॉक्टर म्हणजे स्वतःची पाटी. नावाजलेले डॉक्टर आपापले दवाखाने सांभाळून हॉस्पिटलांत सकाळ-संध्याकाळ चक्कर टाकायचे, मधल्या वेळात सिस्टर त्यांना फोन करायच्या. हॉस्पिटलात बसून राहतो तो डॉक्टर म्हणजे ज्याला पाटी लावणं जमलं नाही तो, असा सरसकट समज. पण या हॉस्पिटलचे मालक महेश सर यांनी नुकतीच नवजात बाळांसाठी नऊ पाळण्यांची खोली सुरू केली होती. "एवढ्याशा जिवाला दोन चकरांमधले आठ तास झेपत नाहीत," असं त्यांनी मुलाखतीतच सांगितलं, आणि संजनाला ते पटलं.

अडचण निघाली ती चेहऱ्याची. नातेवाईक तिच्याकडून सगळं समजून घ्यायचे, मान डोलवायचे आणि शेवटी विचारायचे, "ताई, मोठे डॉक्टर कधी येतील?"

"मीच डॉक्टर आहे."

"हो हो. पण मोठे?"

सिन्नरच्या एका आजोबांनी तर "बेबी, तुझी आई सिस्टर आहे का इथं?" असंही विचारलं. तिनं साडी नेसून पाहिली, शून्य नंबरचा चष्मा लावून पाहिला. खळी लपेना. तिथल्या आया नवसाबाई हसायच्या. "ताई, तुमाला बघून औषध कडू लागत नाय, पन खरंबी वाटत नाय."

२००३ च्या ऑक्टोबरात नऊपैकी आठ पाळणे भरलेले होते. तीन नंबरला कॉलेज रोडच्या एका घरातला मुलगा होता. साडेतीन किलोचा, काळंभोर जावळ, हातापायांना वळ्या. साधी कावीळ होती म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवलेला. सगळ्यांनी त्याचं नाव लाडू पाडलं होतं. सात नंबरला भागुबाईची मुलगी. भागुबाई आणि तिचा नवरा वाल्मीक पेठकडचे, दिंडोरीला द्राक्षबागेच्या छाटणीवर आलेले. दिवस भरायला दोन महिने असताना तिला बागेतच कळा सुरू झाल्या आणि इथं आणलं. बाळ तेराशे ग्रॅमचं, कातडी सैल, कपाळाला आठ्या, कानांवर लव. म्हाताऱ्याचा चेहरा उसना घेऊन आल्यासारखं. भागुबाईनं एकदाच पाहिलं आणि तोंड फिरवलं. "माकडाच्या पिलागत दिसतंय," एवढंच म्हणाली आणि पुन्हा आत आली नाही.

एका दुपारी संजना जेवून आली आणि सवयीनं लाडूजवळ थांबली. लाडूनं तिचं बोट घट्ट धरलं. मंजुषा सिस्टर तिथंच होती, दुसरीही एक येऊन उभी राहिली. धुतलेली दुपटी घेऊन नवसाबाई मागून चालल्या होत्या. त्या एकदम थांबल्या.

"ताई, सातवालं गप झालंय."

संजना वळली. बाळाचे ओठ निळे पडले होते, छाती हलत नव्हती. तिनं तळव्यांना टिचक्या मारल्या, चेहऱ्यावर मास्क धरून हवा भरायचा फुगा दाबायला सुरुवात केली. मिनिटभरात छाती हलली, रंग परतला. मांजरीच्या पिलासारखा बारीक रडण्याचा आवाज आला. मग तिच्या लक्षात आलं, पाय दगडासारखे गार होते. टोपी निसटलेली, अंगाखालचं दुपटं ओलं. तेव्हा खोलीत मॉनिटर दोनच होते आणि ते दुसऱ्या बाळांना लावलेले.

"हिला शेवटचं कुणी पाहिलं?"

"अकराला दूध दिलं तेव्हा मी," मंजुषा म्हणाली. तिला रडू फुटलं. "एकचं द्यायचं राहिलं, मॅडम. मी लाडूला झोपवत होते."

संजनाला तिला चांगलं झापायचं होतं. त्याआधी वेळा तपासाव्यात म्हणून तिनं दोन्ही फायली ओढल्या. तीन नंबरच्या फायलीत तिच्या स्वतःच्या अक्षरात रोजचं अर्धं पान होतं. कावीळ किती, दूध किती, 'नजर देतो, बोट धरतो' असंसुद्धा. सात नंबरच्या फायलीत चार दिवसांच्या मिळून सहा ओळी. 'स्थिती तीच. दूध सुरू.' अक्षर तेच, सही तीच. झापायचं तिच्या तोंडातच राहिलं.

"मला पयल्यापासनं दिसतंय," नवसाबाई दुपटं बदलताना म्हणाल्या. "ज्याचे गाल गुबगुबीत, त्याचं दुपटं कोरडं."

"मग बोलला का नाहीत?"

"आयाचं कोन ऐकतं?"

दुसऱ्या दिवशी संजनानं राऊंड सात नंबरपासून सुरू केला. दहाला महेश सर आले तेव्हा ती अजून तिथंच होती.

"आज उलटं का?" त्यांनी विचारलं.

तिनं झालेलं सगळं सांगितलं, आपल्या सहा ओळींसकट. सरांनी दोन्ही फायली शेजारी ठेवून चाळल्या.

"गोंडस दिसलं की हात आपोआप जातो," ते म्हणाले. "निसर्गाचीच योजना आहे ती. नाहीतर रडणारं पोर कोण सांभाळेल?"

"निसर्गानं आईला एक पोर दिलं होतं सर, नऊ पाळणे नव्हते दिले."

सर हसले, मग गंभीर झाले. "मी इथं दहा मिनिटं असतो. मला हे जन्मात दिसलं नसतं."

त्या आठवड्यात पाळण्यांवर वेळांचे तक्ते लागले. जे बाळ कुणी उचलत नाही त्याच्यापासून सुरुवात करायची, हा नियम झाला. भागुबाईला मात्र संजना स्वतः बाहेरच्या बाकड्यावरून उठवून आत घेऊन आली. तुमचं बाळ सुंदर आहे वगैरे काही बोलली नाही. खुर्चीत बसवलं, बाळ तिच्या उघड्या छातीशी ठेवलं, वरून पदर घेतला.

"हिच्याकडं बघू नका वाटलं तर. नुसती धरून बसा. तुमची ऊब हवी आहे तिला."

भागुबाई भिंतीकडे तोंड करून बसली. रोज तासभर, मग दोन तास. आठव्या दिवशी तिनं पदर जरा बाजूला केला आणि बराच वेळ आत पाहत राहिली.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "हिच्या कानाची पाळी माझ्या आयसवानी हाय."

त्यानंतर तिला बोलवावं लागलं नाही. दूध द्यायची वेळ टळली की तीच सिस्टरला हाक मारायची. अडतिसाव्या दिवशी बाळ अठराशे ऐंशी ग्रॅमचं होऊन पेठच्या एसटीनं घरी गेलं. दिसायला अजून यथातथाच होतं.

भिकन एकदा डबा द्यायला आले आणि दार किलकिलं करून तासभर बघत उभे राहिले. घरी जाऊन बायकोला, सुमनबाईंना म्हणाले, "तिला खाली बसायला फुरसत नाही. आपल्या दवाखान्यात एवढी माणसं आली असती का, कोण जाणे." पुढच्या खोलीत मग सुमनबाईंनी शिलाई मशीन टाकली.

२००८ पर्यंत त्या हॉस्पिटलात पाच पूर्णवेळ डॉक्टर झाले आणि गावातल्या इतर हॉस्पिटलांतही तशी माणसं दिसू लागली. 'मोठे डॉक्टर कधी येतील' हा प्रश्न कमी झाला, थांबला नाही. नव्यानं लागलेल्या डॉक्टर ज्ञानेशनं एकदा, आठ आणि नऊ नंबरच्या किडकिडीत बाळांपासून सुरू झालेला राऊंड संपल्यावर, तिला विचारलं, "मॅडम, इतक्या वर्षांनी गोंडस बाळाचं तुम्हाला काहीच वाटत नसेल ना?"

"वाटतं की. आज चार नंबरवालीशी चांगली पाच मिनिटं खेळले."

"मग?"

"आठ आणि नऊचं आटोपून खेळले," संजना म्हणाली आणि हात धुवायला गेली.