म्हाळात न आणलेला मॉनिटर

ओम्याला जाऊन आज वर्ष झालं आणि मला अजून आईचा राग येतो.

लिहून टाकलं. बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत.

ओंकार माझा धाकटा भाऊ. लहानपणापासून स्नायूंचा आजार. आधी पाय गेले, मग खांदे, मग मान. दिंडोशीच्या आमच्या घरात आतल्या खोलीत पलंगावर कुशीवर पडून तो मोबाईलवर गेम खेळायचा.

मग मोबाईलही त्याला जड व्हायला लागला.

"ताई, पीसी बनवू. माऊस जरासा हलवला तरी पुरतो. बोटं चालतायत तोवर खेळून घेतो ना."

बोटं चालतायत तोवर. एवढंच मागणं होतं त्याचं.

बजेट टीचभर, त्यामुळे साहेबांचा अभ्यास दांडगा. ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड चालेल, पण पॉवर सप्लायमध्ये कंजुसी केलीस तर सगळ्याची वाट लागेल. रॅमची एक मोठी पट्टी नको, दोन छोट्या घे. कॅबिनेटला लाइट बिलकुल नकोत, फालतू खर्च.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये मेसेज आला. "थोडे लाइट असू दे यार."

मॉनिटरच्या बाबतीत मात्र तो अडूनच बसला. मी अंधेरीच्या दुकानात, तो व्हिडिओ कॉलवर.

"ताई, स्क्रीनच्या डावीकडे जा. अजून. आता खाली बस. मान तिरकी कर."

भर दुकानात मी उकिडवी बसलेली, मान वाकडी. दुकानदार वैतागला. "मॅडम, सामने बैठ के देखो ना."

"भैया, जो खेलेगा वो सामने नहीं बैठ सकता."

त्यानंतर तो बिचारा एकेक मॉनिटर लावत गेला. बाजूने बघितलं की पहिल्यावर सगळे चेहरे काळे पडत होते. दुसऱ्यावर रंग धुतल्यासारखे. तिसरा आयपीएस पॅनेलचा, कुठूनही बघा, रंग जसेच्या तसे.

"हाच! ताई, हाच!"

इतका मोठा आवाज त्याच्या छातीतून कितीतरी दिवसांनी निघाला होता. पण तो फक्त दाखवायचा पीस होता. नवा मागवावा लागणार होता. मी पैसे भरले आणि घरी आले.

बाकी सगळं गणपतीआधी आलं, जोडूनही झालं. मॉनिटर आल्याचा दुकानातून फोन आला, तेव्हा म्हाळ सुरू झाले होते. आमच्याकडे कोकणात पितृपक्षाला म्हाळ म्हणतात.

"म्हाळात नवीन वस्तू घरात हाडूची नाय," आई म्हणाली. "घटस्थापनेक हाड."

"आई, पितरं काय मॉनिटर खाणार आहेत?"

"नाय म्हटलंय ना एकदा."

मी ओरडले. रडले. आईचं एकच. मागे एकदा म्हाळातच ओम्याच्या पायांना लावायच्या नव्या पट्ट्या आणल्या होत्या, आणि त्यानंतर तो कधी उभा राहिला नाही. आईने ते डोक्यात पक्कं धरून ठेवलं होतं. ती हट्टी नव्हती, घाबरली होती. हे मला तेव्हाही कळत होतं.

टीव्हीला जोडून बघितलं. टीव्ही हॉलमध्ये भिंतीवर ठोकलेला, तिथे त्याला बसवलं की मान पडायची.

"जाऊ दे ना ताई," ओम्याच मला समजवायचा. "गेम कुठे पळून जातोय?"

मग तो स्क्रीनशिवाय सराव करायला लागला. कीबोर्ड डाव्या हाताखाली, नजर समोरच्या रिकाम्या भिंतीवर. टकटक, टकटक.

एका संध्याकाळी टकटक ऐकू येईना. मी आत गेले. बोट बटणावर होतं, बटण खाली जात नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "कीबोर्ड जरा कडक आहे हा. सॉफ्टवाला बघ ना एखादा."

कीबोर्ड कडक नव्हता. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडले.

घटस्थापनेला मॉनिटर आला. आईने त्याला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. मी तो ओम्याच्या नजरेच्या रेषेत तिरका लावला. रंग झकास दिसत होते. डावा हात तोवर पूर्ण गेला होता.

उजव्या हातात माऊस. आणि कीबोर्डवर, विश्वास ठेवा, माझी आई. जिला टीव्हीचा रिमोट धड जमत नाही.

"आई, पुढे. पुढे गं! थांब. आता मागे. अगं, मेलो ना!"

"मेल्या, असा बोला नको," आई म्हणायची आणि पुन्हा बटणावर बोट ठेवायची.

खेळले ते दोघं. पण ओम्याला एकट्याने खेळायचं होतं. एकदाच, कोणाच्या मदतीशिवाय. ते राहिलं.

दिवाळीनंतर छातीत कफ भरला आणि आठवड्यात तो गेला.

आज सकाळी आई त्याच्या फोटोला हार घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हाळात त्येचो हात चलत होतो मां?"

वर्षभरात आम्ही दोघींनी हा विषय काढला नव्हता. खोटं बोलता आलं असतं.

"हो," म्हटलं.

ती हार सरळ करत राहिली. तो सरळच होता.

"मगे माका न इचारता हाडूक व्हयो होतो गो."

म्हणजे मी तिला न विचारता तो आणायला हवा होता. वर्षभर तीही माझ्यावर चिडून होती.

ओम्या, आम्ही दोघी इथे एका घरात आहोत आणि जमत नाहीये रे तुझ्याशिवाय.

श्रद्धांजली लिहायला हात धजत नाही. जिथे असशील तिथे सुखात राहा, माझ्या राजा.

तुझी ताई