टकलावरचा गजरा

माझ्या सासूबाई तंजावरकडच्या मराठी. चेन्नईत, अड्यारच्या आमच्या घरात त्यांचा एकच कायदा: सवाष्णीने बिनफुलांचं उंबऱ्याबाहेर पडायचं नाही. मी सातारची, फटकळ. अम्मा रोज माझ्या वेणीत मल्लिपू, म्हणजे मोगऱ्याचा गजरा माळायच्या आणि मी रोज कुरकुरायचे.

त्या वर्षी माझा ताप हटेना. हिरड्यांतून रक्त यायचं, कुठे आपटलं नसताना पायांवर काळेनिळे डाग उठायचे. प्लेटलेट कमी आल्या म्हटल्यावर शेजारपाजारच्यांनी डेंगी ठरवून टाकला आणि अम्मा निलवेंबू नावाच्या पाल्याचा कडूजहर काढा माझ्या घशात ओतू लागल्या. डॉक्टरीणबाईंना मात्र रिपोर्ट बघून ते पटेना. डेंगीत पांढऱ्या पेशी सहसा कमी होतात, माझ्या भरमसाट वाढल्या होत्या. रक्ताचा थेंब काचेवर पसरून पाहिला तर सगळीकडे ब्लास्ट, कच्च्याच बाहेर पडलेल्या पेशी. पातेलंभर भात आणि शिजलेली शितं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी! कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढून तपासला आणि आजाराचं नाव पक्कं झालं: ॲक्यूट ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. सरळ सांगते, मी मरणाला घाबरले.

केमोत वाईट पेशींबरोबर चांगल्याही गेल्या. साधा जंतूसुद्धा जिवावर बेतला असता, म्हणून खोलीत ताजी फुलं बंद. अम्मांचा गजरा नर्सने दारातच काढून घेतला. मग माझे केसही गेले. अम्मा काचेपलीकडून माझ्या डोक्याकडे बघायच्या आणि तोंड फिरवायच्या. त्यांच्या लहानपणी घरात केशवपन केलेली एक विधवा आत्या होती. बोडकं, बिनफुलांचं डोकं त्यांना बघवत नव्हतं.

एकदा माझं डोकं फिरलं. काचेआडून ओरडले, "अम्मा, तुमचा मुलगा धडधाकट आहे! खाली कॉफी पितोय!"

"अय्यो, त्याचं कोण बोललं?" त्या रडायलाच लागल्या. "मला तू पाहिजेस गं."



चांगल्या पांढऱ्या पेशी पुन्हा भरल्यावर कमरेत परत सुई गेली. केमो लागू पडली की नाही, ते त्यावरच कळणार होतं. निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला आणि त्या चष्मा काढून हसल्या. ब्लास्ट जवळजवळ नाहीत. रेमिशन, आजार आटोक्यात! केमो पुढेही घ्यायची होती, पण पहिली लढाई मी जिंकले होते.

अम्मांनी तेवढ्यात विचारलंसुद्धा, "फुलं चालतील?"

"आता चालतील."

त्यांनी पिशवीतून केळीच्या पानात गुंडाळलेला गजरा काढला. निकाल कळायच्या आधी, सकाळीच घेतलेला! माळायला केस कुठले? त्यांनी तो माझ्या टकलाभोवती फिरवला आणि मागे गाठ मारली.

"घट्ट बांधा, अम्मा," मी म्हटलं.

ओपीडीच्या भर गर्दीतून मी मान ताठ ठेवून चालत गेले. लोक वळून वळून बघत होते. बघू देत.