निळा रंग किती धुवायचा

माझी ताई उंदरांची हृदयं कापते. कोणाशी तिची ओळख करून देताना मी मुद्दाम असंच सांगतो, कारण समोरच्याचा चेहरा बघायला मला मजा येते. ताईला हे मुळीच आवडत नाही. "कापते काय! मी काय कसाई आहे?" म्हणून माझ्यावर खेकसते आणि मग त्या बिचाऱ्याला आपलं काम समजावून सांगायला बसते. ते निदान वीस मिनिटं चालतं, म्हणून थोडक्यात मीच सांगतो.

एका संशोधन संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर ती चौतीस वर्षं तंत्रज्ञ आहे. मेणात बसवलेलं वाटाण्याएवढं हृदय यंत्राच्या पात्यासमोर धरायचं आणि चाक फिरवायचं. पात्यावरून मेणाची पातळ फीत सुटते. ती कोमट पाण्यावर तरंगवायची, सुरकुत्या जाऊ द्यायच्या, काचेच्या पट्टीवर अलगद उचलायची आणि पट्टीच्या कडेला शिसपेन्सिलीने आकडा घालायचा. पेनने घातला तर पुढे अल्कोहोलमध्ये धुऊन जातो. नवीन आलेला प्रत्येक जण ही चूक एकदा करतो आणि ताईकडून जन्मभर पुरेल एवढं ऐकून घेतो. कापाची जाडी पाच मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचे दोनशे भाग केले तर त्यातला एक. संस्थेत तिला 'पाच मायक्रॉन' म्हणतात, अर्थात तिच्या पाठीमागे. घरी ती पाव कापायला लागली की माझी बायको सुरी काढून घेते, नाहीतर पोरं उपाशी राहतील.

मी सायकली दुरुस्त करतो. चार वर्षांपूर्वी दुकानात एका चाकाच्या तारा कसत असताना मला हृदयविकाराचा झटका आला. वाचलो, पण हृदयाच्या भिंतीवर व्रण राहिला. त्याचं काय होतं हे मला डॉक्टरांनी समजावायची गरज नव्हती. ट्यूबला पॅच लावला की हवा टिकते, पण तेवढा तुकडा ताणला जात नाही. माझ्या हृदयाचाही तेवढा भाग आकुंचन पावत नाही. शिवाय ट्यूबचा पॅच निदान लावला तेवढाच राहतो. हृदयातला व्रण शेजारच्या चांगल्या स्नायूतही हळूहळू धागे पसरत राहतो. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर मी हल्ली थांबतो, ते त्यामुळे. बायकोला सांगतो की चप्पल नीट करतोय.

ताईच्या डॉक्टरबाई, म्हणजे तिच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, नेमकं यावरच काम करत होत्या. ताईने एका रविवारी माझ्या स्वयंपाकघरात बसून मला सगळं सांगितलं.

"हे बघ छोट्या," ती म्हणाली. मी पंचावन्नचा आहे, तरी तिला छोट्याच. "प्रत्येक पेशीत सगळ्या सूचना लिहिलेल्या असतात. तीच जनुकं. पण कुठली सूचना कधी वाचायची आणि कुठली गप्प बसवायची, हे ठरवायला पेशीत वेगळी यंत्रणा असते. व्रण विणायची सूचना एरवी दबलेली असते. झटका आला की ती जोरात वाचली जाते. ते बरंच आहे, नाहीतर हृदय फाटेल. पण काम झालं तरी ती परत दबत नाही. दाबणारे रेणू कमी पडतात ना."

"मग?"

"ते रेणू बाहेरून द्यायचे. व्रण होऊ द्यायचा, पण वेळेत थांबवायचा. उंदरांना देऊन झालंय. आता किती थांबला ते माझ्या काचांवर दिसेल."

हे म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या छातीकडे बघत होती. वर्षअखेरीला ती निवृत्त होणार होती. हा तिचा शेवटचा अभ्यास होता, आणि तो तिने माझ्यासाठी धरला होता हे सांगायला ज्योतिषी नको होता.

अशा कामात एक नियम असतो. कुठल्या उंदराला औषध मिळालं आणि कुणाला नुसतं पाणी, हे कापणाऱ्याला आणि रंगवणाऱ्याला कळता कामा नये. काचेवर फक्त आकडा. पण एकदा डॉक्टरबाई फोन घ्यायला बाहेर गेल्या आणि वही उघडीच राहिली. ताईने मुद्दाम डोकावलं नाही. पण पाच मायक्रॉनच्या कापावरची सुरकुती दिसणाऱ्या बाईला उघडी वही दिसणार नाही का? सम आकडे औषधवाले. एकदा कळलं ते कळलंच.

रंगवल्यावर स्नायू लाल दिसतो आणि व्रण निळा. निळा रंग आधी गरजेपेक्षा जास्त बसतो. म्हणून काच सौम्य आम्लाच्या पाण्यात धरून जादा निळा काढून टाकतात. कागदावर एक मिनिट लिहिलंय. ताई कागद बघत नाही आणि घड्याळही बघत नाही. ती नजरेनं ठरवते, आणि चौतीस वर्षांत तिच्या नजरेला कोणी हरकत घेतलेली नाही. त्याचा तिला भारी तोरा होता, हे मी सख्खा भाऊ म्हणून सांगतो.

निकाल आला. औषधवाल्या उंदरांत निळा रंग निम्मा. संस्थेत पेढ्यांऐवजी केक आला, आणि ताई फोनमध्ये दोन काचांचे फोटो घेऊन माझ्या घरी आली. एकात निळा पट्टा रुंद, दुसऱ्यात अगदी बारीक. मी तो दुसरा फोटो परत परत मोठा करून बघितला. त्या रात्री मला मस्त झोप लागली.

दहा-बारा दिवसांनी ताई भर दुपारी दुकानात आली. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत! मी हातातला पाना खाली ठेवला.

"काय झालं?"

"चूक झाली माझ्याकडून," ती म्हणाली आणि उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसली.

झालं असं होतं. एक काच फुटली होती. फुटका आकडा नीट वाचता येईना, म्हणून पेटीतल्या जागेवरून त्याचा मेणाचा ठोकळा शोधून तिने त्याच हृदयाचा नवा काप घेतला. हा कुठल्या गटातला, हे त्या क्षणी तिला ठाऊक नव्हतं. नवी काच रंगवून जुन्या तुकड्यांशेजारी ठेवली, तर हृदय तेच आणि नवीत निळा कितीतरी जास्त. मग तिने नोंद काढून आकडा बघितला. सम. तिने दुसऱ्या बाईला घड्याळ घेऊन शेजारी उभं केलं आणि नेहमीसारख्या काचा धुतल्या. विषम आकडे एक मिनिट, सम आकडे पावणेदोन.

"मला कळलंही नाही रे," ती म्हणाली. "हातच जास्त वेळ थांबत होता. अजून थोडा निळा जाऊ दे, अजून थोडा..."

आणि मी, तिचा भाऊ, काय बोललो? मला अजून लाज वाटते. मी म्हणालो, "कोणाला कळणारे? झाकली मूठ सव्वा लाखाची. चार महिन्यांनी तू घरी बसणार. आणि औषध चांगलं असेलही."

ती उठून उभी राहिली. लहानपणी मी सायकल पाडून पळालो होतो तेव्हा तिने असंच बघितलं होतं.

"असेलही? हे औषध उद्या तुझ्यासारख्या माणसाच्या छातीत जाणार, छोट्या. तिथला निळा रंग धुवायला मी असणारे का?"

ती तशीच संस्थेत परत गेली आणि डॉक्टरबाईंच्या टेबलासमोर उभं राहून सगळं सांगून टाकलं, वहीसकट. वही उघडी टाकली ही माझी चूक, डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि केक खाल्लेल्या सगळ्यांना बोलावून निकाल मागे घेतल्याचं सांगितलं. काही जण ताईशी चार दिवस बोलले नाहीत. मेण शिल्लक होतं, म्हणून एकही नवा उंदीर लागला नाही. दुसऱ्या विभागातल्या माणसाने आकडे बदलले आणि त्यांची यादी स्वतःकडे कुलपात ठेवली. सगळे काप ताईनेच पुन्हा घेतले, पण काचा धुताना समोर गजराचं घड्याळ. ज्या बाईने आयुष्यात घड्याळाला विचारलं नाही, ती प्रत्येक काचेला गजर लावत बसली. निळा रंग मोजायलाही तिसराच माणूस.

ते तीन आठवडे माझा जीव टांगणीला लागला होता. मी रोज फोन करायचो आणि ती रोज "कळलं की सांगेन" म्हणून ठेवून द्यायची. मी स्वतःला समजावत होतो की काही उरलं नसेल, सगळा तिचा हातच असेल.

शुक्रवारी संध्याकाळी ती जिना चढून वर आली. मी दार उघडलं. तिला धाप लागली होती, आणि ती हसत होती की रडत होती ते मला कळेना.

"निम्मा नाही," ती म्हणाली. "पाव. पावभर कमी आहे निळा."

"पाव म्हणजे..."

"पाव म्हणजे पाव! आणि हा माझ्या हाताचा नाही, औषधाचा आहे."

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. मग जे विचारायचं इतके दिवस धाडस होत नव्हतं, ते विचारलं. "ताई, हे मला कधी मिळेल?"

ती खोटं बोलली असती तर मी विश्वास ठेवला असता. पण ती म्हणाली, "अजून मोठे प्राणी, मग माणसं, मग परवानग्या. पंधरा वर्षं धर. तीही सगळं नीट झालं तर."

चार वर्षं मी पुढच्या उन्हाळ्यापलीकडचं काही बोललो नव्हतो. दुकानाची पाटी रंगवायची राहिली तरी म्हणायचो, असू दे, कशाला आता. मी मनात बेरीज केली.

"म्हणजे मी सत्तरचा," मी म्हणालो. "आणि तू चौऱ्याहत्तरची."

"मग? तिथपर्यंत यायचं नाहीये का तुला?"

"यायचंय," मी म्हणालो.