आहेरातला टॉवेल

टॉवेल मी निवडले होते. हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं मी मामांचं म्हणून सांगणार आहे, आणि त्यात माझा काही वाटा नव्हता असं कुणाला वाटायला नको.

मामेबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मामांनी मला पाथरीहून बोलावून घेतलं. मी तिथे शाळेत शिकवते. खरेदीत मला कुणी फसवू शकत नाही असा घरात माझ्याबद्दल समज आहे आणि तो मोडायचा मी कधी प्रयत्न केलेला नाही. बायकांच्या साड्यांवर दोन दिवस गेले. पुरुषांच्या आहेराला, म्हणजे टोपी-टॉवेलाला, परभणीच्या दुकानात पाच मिनिटं. दुकानदार निरनिराळे रंग काढायला लागला तेव्हा मीच त्याला थांबवलं. "सगळे एकसारखे द्या," म्हटलं. "याला हिरवा दिला, त्याला लाल दिला, म्हणून रुसवेफुगवे नकोत." पांढरे, जाडसर, हिरव्या काठाचे टॉवेल निघाले. लग्नानंतर कितीतरी दिवस गावातल्या प्रत्येक खांद्यावर माझी निवड फिरत होती आणि मला त्याची गंमत वाटायची.

मामांचं गाव सोनपेठकडे, गोदावरीपासून फार लांब नाही. पाणी आहे म्हणून ऊस आहे, ऊस आहे म्हणून मोटारी आहेत, आणि मोटारी आहेत म्हणून डीपीची कटकट आहे. शेतांकडे विजेच्या तारा जिथून फुटतात त्या खांबाला डीपी म्हणतात. त्याला एक लोखंडी हँडल असतं. खाली ओढलं की शिवारातली लाईट बंद, वर केलं की सुरू. तार तुटली, जोड सुटला, तर वायरमनची वाट बघत बसणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. वायरमन एकटा आणि त्याच्याकडे गावं बरीच. मग ज्याचं काम असेल तो हँडल खाली ओढतो, खांद्यावरचा टॉवेल हँडलाला गाठ मारून बांधतो आणि खांबावर चढतो. टॉवेल दिसला की हँडलाला कुणी हात लावायचा नाही. काम झाल्यावर ज्याचा टॉवेल त्यानंच तो सोडायचा. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण त्या गावात तो कुणी मोडल्याचं मी ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर मामांनीही तो मोडला नाही. त्यांना वाटलं, टॉवेल आपलाच आहे.

लग्नाला तीन आठवडे झाले होते. आदल्या दिवशी मामांनी स्वतःच्या लाईनचं काम केलं होतं, टॉवेल बांधला होता आणि काम संपल्यावर सोडून घरीही आणला होता. मामीनं सकाळी उठून तो धुतला आणि गच्चीवर वाळत टाकला. मामांना टॉवेल सापडेना. शेतात गेले तर लाईटची वेळ झालेली, पण मोटार सुरू होईना. डीपीपाशी जाऊन बघतात तर हँडल खाली आणि हँडलाला हिरव्या काठाचा टॉवेल. आदल्या दिवशी काम संपेपर्यंत लाईट जायचीच वेळ झाली होती. त्यामुळे हँडल वर करायचंही राहिलं आणि टॉवेलही राहिला, असं ते धरून चालले. स्वतःच्या विसरभोळेपणावर ते हसले. ते हसणं त्यांनी मला पुढे कितीदा तरी सांगितलं. मग गाठ सोडली, टॉवेल गळ्यात टाकला आणि हँडल वर केलं.

तीन शेतं पलीकडे, उभ्या उसामागे, त्यांचा बांधशेजारी खांबावर होता. पस्तिशीतला माणूस. मामीला काकू म्हणायचा. लग्नाच्या पंगतीत वाढायला तोच सगळ्यांच्या पुढे होता. आहेराचा टॉवेल मामांनी स्वतःच्या हातानं त्याच्या खांद्यावर ठेवला होता.

मामीचा फोन आला आणि मी शाळा सोडून मिळेल त्या जीपनं निघाले. पोचले तेव्हा त्याचं प्रेत तालुक्याला नेलेलं होतं आणि गाव तिकडेच गेलं होतं. मामा गोठ्यात बसले होते. मांडीवर टॉवेल होता. वर गच्चीवर मामांचा टॉवेल तारेवर वाळून कडक झाला होता. दोन्ही टॉवेल बघितल्यावर मला फार विचारावं लागलं नाही. तरी मामांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, हसण्यासकट.

मला राग आला. दुःखाआधी मला राग येतो, हा माझा स्वभाव आहे. हँडल वर करण्याआधी मोठ्यानं हाळी द्यायची, हीही तिथली रीतच. "लाईट सोडायलोय रे!" असं मामा नेहमी ओरडायचे, इतकं की आम्ही लहानपणी त्यांची नक्कल करायचो.

"हाळी का नाही दिलीत?" मी विचारलं.

"सोताच्याच टावेलाला कोण हाळी देतं, माय?" मामा म्हणाले.

मग मी ते केलं, जे मला उत्तम जमतं. मी मामांना तीन वाक्यं दिली. आरडाओरडा ऐकून मी डीपीकडे गेलो. हँडल वरच होतं. टॉवेल कुठे दिसला नाही. पोरांकडून पाढे म्हणवून घेते तशी ती त्यांच्याकडून म्हणवून घेतली, पुन्हा पुन्हा, अडखळणं थांबेपर्यंत. नव्या नवरीच्या हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. तिच्या सासरी काय वाटेल, मामांना या वयात कुठे नेतील, मामी एकटी कशी राहील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पंचनामा झाला, जबाब झाला. मामांनी तिन्ही वाक्यं नीट म्हटली. खरं काय ते आम्हा तिघांतच राहिलं. मला वाटलं, मी घर वाचवलं.

त्या तीन वाक्यांचं गावात काय झालं ते मला मामीच्या फोनवरून कळत गेलं. हँडल वर होतं आणि टॉवेल नव्हता, म्हणजे तो लाईट बंद न करताच चढला, असं गावानं ठरवलं. गडबड्या होता, असं लोक म्हणायला लागले. जो माणूस पंगतीत मीठसुद्धा विसरत नसे, तो गडबड्या ठरला. मग त्याच्या बापानं कारण शोधलं. त्या सकाळी नवराबायकोचं कशावरून तरी वाजलं होतं, म्हणून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, असं म्हातारा सांगत सुटला. "बोलू दे लोकांना," मी मामीला म्हटलं. "चार दिवसांनी विसरतील."

मामा मात्र विसरेनात. डीपीकडे जायचं त्यांनी सोडलं. लाईट नसली की मोटारीपाशी नुसते बसून राहायचे, कुणी हँडल वर करेपर्यंत. खांद्यावर टॉवेल घेणंही बंद केलं. आमच्याकडे मोकळ्या खांद्याचा म्हातारा लगेच नजरेत भरतो. लोक विचारायचे, मामा हसल्यासारखं करायचे. कधीकधी मला फोन करून एवढंच म्हणायचे, "त्यो टावेल बांधून चढला व्हता, माय." मी म्हणायचे, "मामा, फोनवर असलं बोलू नका." आणि शाळेची घंटा झाली म्हणून ठेवून द्यायचे. बऱ्याचदा घंटा झालेली नसायची.

दिवाळीला मी गेले तेव्हा मामांनी धान्याच्या पत्र्याच्या कोठीतून तो टॉवेल काढला. न धुतलेला, घडी घातलेला. "चल माझ्यासंगं," म्हणाले. कुठे ते मला कळलं आणि मी आवाज चढवला. इतके महिने गेले, आता उकरून कुणाचं भलं होणार आहे, असं बरंच बोलले. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"काल पारावर तिचा सासरा म्हणला, ह्या बाईच्या तोंडामुळं मपला लेक गेला," ते म्हणाले. "ती तिथंच नळावर पाणी भरायली व्हती. तिनं ऐकलं. म्या बी ऐकलं. आन् म्या गप बसलो."

मी चपला घातल्या.

त्याची बायको अंगणात सोयाबीन पाखडत होती. म्हातारा बाजेवर पडला होता. "या आबा," ती म्हणाली, गावात मामांना सगळे आबा म्हणतात, आणि बसायला पोतं टाकायला निघाली. मामा बसले नाहीत. त्यांनी टॉवेल तिच्यासमोर जमिनीवर ठेवला आणि उभ्यानंच सांगितलं. हा तुझ्या नवऱ्याचा टॉवेल. हँडलाला बांधलेला होता. मला वाटला माझाच. मीच सोडला आणि मीच लाईट टाकली. बाकी काही नाही. माफ कर, असंही म्हणाले नाहीत. मला वाटतं ते मागायची त्यांना लाज वाटली.

तिच्या हातातलं सूप थांबलं. ती ओरडेल, मारेल, लोक गोळा करेल, सगळ्याची मी मनात तयारी केली होती. तिनं विचारलं, "गाठ व्हती?"

"व्हती," मामा म्हणाले. "दुहेरी व्हती. सोडायला लय येळ लागला."

ती वळली आणि बाजेवरच्या सासऱ्याकडे बघून बोलली, हळू आवाजात, पण एकेक शब्द सुटा. "ऐकलं का, दादा? बांधून गेले व्हते ते. दुहेरी गाठ मारून गेले व्हते." म्हाताऱ्यानं भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती रडली. सुपातलं सोयाबीन सांडलं तरी रडत राहिली. मी तिथे उभी होते आणि मला माझीच शिसारी आली. मी मामांचं घर वाचवायला जे बोलले होते, त्यानं हे घर जळत राहिलं होतं आणि मी तिकडे पाथरीत फळा पुसत होते.

"पोलिसात सांगायचं आसंल तर चल," मामा म्हणाले. "मी येतो. तिथं बी आसंच सांगतो."

"तो जबाब मी शिकवला होता," मी म्हटलं.

तिनं डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं. "तुमी लेकरांना शिकवता ना?" एवढंच म्हणाली आणि माझ्या उत्तराची वाट न बघता मामांकडे वळली.

"पोलिसाचं म्या बघीन. पर लाईनीचा जोड पुन्हा सुटलाय आन् दीर खांबावर चढंना. टावेलाचा भरवसा न्हाई म्हणतोय. उद्या त्यो चढंल. तुमी डीपीपाशी बसायचं. त्यो उतरंपर्यंत हलायचं न्हाई."

"बसतो."

"उद्याच न्हाई. दर बारीला."

"दर बारीला बसतो," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जवळजवळ वर्षानं, मामा त्या डीपीपाशी गेले. तेव्हापासून जातच आहेत. तिच्या घरचं काम असो की आणखी कुणाचं, खांबावर चढणारा आधी मामांना सांगतो. गाठ मारली जाते, आणि गाठीखाली मामा बसतात. ती पोलिसात अजून गेलेली नाही. जाणार नाही, असंही ती कधी म्हणालेली नाही. मामांनी विचारलेलंही नाही. मामेबहिणीला मामांनी स्वतःच सगळं सांगितलं. ती दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही, नंतर बोलायला लागली. माझ्याशी मात्र अजून तुटकच बोलते.

परवा गेले होते तेव्हा भर दुपार होती. मामीनं भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "सकाळपासून तिथं बसलेत, अन्नाचा कण न्हाई पोटात." बांधशेजाऱ्याचा भाऊ खांबावर होता. मामा उलट्या पाटीवर बसले होते, उन्हात. सावली चार पावलांवर, बाभळीखाली होती. ऊस पुन्हा पुरुषभर वाढलेला, पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"मामा, सावलीत बसून दोन घास खाऊन घ्या," मी म्हटलं. "तोवर मी बघते हँडलाकडे. कुणाला हात लावू देणार नाही."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. लेकीच्या लग्नाची सगळी खरेदी ज्यांनी डोळे झाकून माझ्यावर सोपवली होती, ते मामा. रागानं पाहिलं नाही. उठले, हँडलावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

"न्हाई माय," म्हणाले. "आदी त्यो खाली उतरू दे."