निशाणी अंगठा

माझी शकुआत्या बदलापूरला एका खोलीत राहते. दाराला दोन कड्या आणि वर कुलूप. आमच्याकडे घाटकोपरला यायचं म्हणजे तिचा अर्धा दिवस मोडतो. नात्यातले लोक अजून हसून सांगतात, संशयापायी शकूनं मुलुंडचं हातातोंडाशी आलेलं घर घालवलं. मी हसत नाही. मी तिच्याबरोबर होते, आणि त्या दिवशी मूर्ख ठरले ती मी.

आत्या संशयी आहे, हे मात्र सोळा आणे खरं. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात तिनं तीस वर्षं आया म्हणून काढली. रॉकेलवाल्याचं माप ती आधी उलटं करून बघायची. पत्ता एकाला विचारला की चार पावलांवर दुसऱ्याला विचारायची, आणि दोघांचं जुळलं तर म्हणायची, "दोघं एकाच गावचे दिसतात." मला बघायला आलेल्या एका मुलाच्या चपला तिनं दारात उलट्या करून पाहिल्या. टाचा झिजलेल्या नाहीत, म्हणजे हा रोज कामाला जात नाही, असं तिचं म्हणणं. तो खरंच घरी बसलेला निघाला, पण ते सोडा.

हा संशय तिनं गावाहून आणला होता. साताऱ्याकडे, नवरा गेल्यावर महिन्याच्या आत, थोरल्या दिरानं एका कोऱ्या कागदावर तिचा अंगठा घेतला. "पेन्शनीचा कागद आहे," म्हणाला. पेन्शन कसली आणि काय, होतं नव्हतं ते रान गेलं. मुंबईला आल्यावर विहारातल्या साक्षरतेच्या वर्गात ती पहिल्यांदा सही शिकली, बाकीचं वाचणं नंतर. तेव्हापासून अंगठा हा शब्द तिला शिवीसारखा लागतो.

सन शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतर तिला एकच घोर लागला. पुढच्या जूनमध्ये ती निवृत्त होणार होती, आणि निवृत्तीबरोबर दवाखान्याची खोली खाली करायची होती. हातात आठ महिने. मूलबाळ नाही. आमच्या घरात आधीच सहा माणसं. मी म्हणाले, "आत्या, आमच्याकडे ये." ती म्हणाली, "आणि झोपू कुठं, तुझ्या टाइपरायटरवर?"

तेवढ्यात चंद्रप्रकाश नावाच्या एजंटनं मुलुंड पूर्वेची जागा आणली. दुसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर, सोसायटीची इमारत. मूळ मालक धाकू परब, गिरणीतले, तीन वर्षांपूर्वी वारले. विकणारा त्यांचा एकुलता एक मुलगा नंदू. त्याला ट्रॉम्बेला कंपनीची जागा मिळाली होती. भाव आसपासच्यापेक्षा बराच कमी होता.

"कमी का?" आत्यानं विचारलं.

"पार्टीला घाई आहे, मावशी. चान्स सोडू नका, यार."

"मी तुझी यार नाही. घाई कसली?"

मग तिचे प्रश्न सुरू झाले. सोसायटीचा शेअर दाखला अस्सल दाखव, झेरॉक्स नको. अस्सल कुठं बँकेत गहाण नाही ना, ते बँकेकडून लिहून आण. सोसायटीची थकबाकी किती? विक्रीला सोसायटीची हरकत नाही, असा कागद आहे का? चंद्रप्रकाश घाम पुसत एकेक कागद आणत होता आणि मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंच्या ओळखीचे वकील होते, त्यांनाही तिनं गाठलं. धाकूंनी सोसायटीच्या फॉर्मवर नंदूला नॉमिनी केलं होतं. वकील म्हणाले, "नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो नुसता राखणदार. घर वारसांचं. धाकूंची बायको हयात आहे ना? मग तिनं हक्क सोडल्याचा कागद हवा."

दोन दिवसांत तोही कागद आला. स्टँप पेपर, तारीख दोन महिन्यांपूर्वीची, इंग्रजीत टाइप केलेला, दोन साक्षीदार. मी टायपिस्ट, असे कागद रोज बघते. खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे गं आत्या. आता तरी हो म्हण."

तिनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. निळा डाग, आणि शेजारी दुसऱ्याच्या अक्षरात: निशाणी अंगठा, जानकी धाकू परब.

"हे काय?"

"म्हातारीचा हात थरथरतो," चंद्रप्रकाश म्हणाला. "पेन धरता येत नाही बिचारीला. अंगठापण कायद्यानं चालतो, मावशी. वकिलाला विचारा ना."

वकिलांनीही चालतो म्हणून सांगितलं. आत्यानं मात्र गुरुवारी मला रजा घ्यायला लावली आणि कुणालाही न कळवता आम्ही बसनं मुलुंडला गेलो. मी वाटभर चिडलेली होते. आठ महिन्यांचे सात झाले होते आणि हिचं आपलं अंगठा एके अंगठा.

दार जानकीबाईंनीच उघडलं. सत्तरीच्या, काटक. नंदू कामावर होता, सून माहेरी. खाटेचं माप घ्यायला आलोय, असं आत्यानं ठोकून दिलं. बाईंनी बसायला सांगितलं, चहा टाकला. मी भिंती बघत होते. पूर्वेची खिडकी, स्वच्छ मोरी, चोवीस तास पाणी. आत्याची खाट कुठे बसेल ते मी मनात ठरवूनही टाकलं.

आत्या भिंती बघतच नव्हती. जानकीबाईंनी काठोकाठ भरलेल्या कपबश्या आणल्या, एक थेंब सांडला नाही. मग त्या गोधडीचं काम पुढे ओढून बसल्या, दोरा ओठांत ओला केला आणि पहिल्याच खेपेला सुईत ओवला.

"तीस वर्षं थरथरणारे हात बघितलेत मी," आत्या म्हणाली. "तुमचा हात थरथरत नाही, बाई. सही येते तुम्हाला?"

"येता."

"मग कागदावरचा अंगठा कुणाचा?"

मला वाटलं, आता लबाडी उघडी पडणार. जानकीबाईंनी सुई गोधडीत खोचली.

"अंगठो माझोच आसा."

"मग?"

"पोटचो झील. त्याच्या तोंडार नाय म्हणूक माका जमला नाय. माका गावाक धाडतलो म्हणता. थंय घराक कौलां नाय, माणूस नाय. सही कर म्हणालो, तर हात थरथरता म्हणान सांगितलंय." त्या खालीच बघत होत्या. "सही दिसली असती तर सगळ्यांका बरोबर वाटला असता. अंगठो बघून कोण तरी इचारीत, म्हटलंय. तुझ्या आधी दोघे येवन गेले. कोणी इचारल्यान नाय."

मीही विचारलं नव्हतं. मी तो कागद वाचला होता आणि बरोबर आहे म्हणाले होते. मला शरम वाटली.

आत्यानं कपबशी बाजूला सारली. मग मला म्हणाली, "वसुधा, कागद काढ. मराठीत लिही. सोसायटीच्या सेक्रेटरीला. हे घर विकायला माझी संमती नाही. आधीचा अंगठा मी मनाविरुद्ध दिला आहे."

"आत्या," मी हळूच म्हणाले, "अगं, घर जातंय आपलं. आपण सोडलं तर तिसरा कुणी घेईलच ना."

"म्हणूनच लिही."

मी लिहिलं. तळमजल्यावर शिवदास म्हणून सेक्रेटरी राहायचे. आम्ही तिघी खाली गेलो. त्यांनी कागद दोनदा वाचला, जानकीबाईंकडे पाहिलं, आणि म्हणाले की हा फाइलला लागला की सोसायटी विक्रीला परवानगी देणार नाही. त्यांनी पेन पुढे केलं.

जानकीबाईंनी पेन घेतलं, पण टेकवलं नाही. त्या आत्याकडे वळल्या.

"आणि तू गो? तू आता खंय रवतलंस?"

जन्मभर सगळ्यांना प्रश्न विचारत आलेल्या माझ्या आत्याला, तू आता कुठं राहणार, हा प्रश्न बहुधा कुणी विचारलाच नव्हता. तिचे डोळे भरून आले. पदरानं तिनं ते खसकन पुसले.

"ते माझं मी बघते. तुम्ही आधी सही करा. आणि पूर्ण नाव लिहा."