दोनशेवर मिटवू

डाळिंब सोलताना बोटांना तो तुरट वास लागला, की मला इंदापूरच्या डाळिंब निर्यातदाराचं ऑफिस आठवतं. त्यांची इंग्रजी पत्रं मी वर्षभर घरून लिहीत होते. करार वाढवायच्या वेळी मी धीर करून पत्रामागे दीडशेऐवजी अडीचशे मागितले. ते हसले आणि माझ्यासमोरच त्यांनी बारामतीला माझ्या वडिलांना स्पीकरवर फोन लावला. “तात्या, पोरगी अडीचशे म्हणतीया. आपलं दोनशेवर मिटवू की.” वडील लगेच म्हणाले, “तुमच्या शब्दाबाहेर न्हाय आमी.” मग त्यांनी कराराचा कागद माझ्यापुढं सरकवला. “कर बाळा सही.” पत्रं मी लिहायची आणि दर या दोघांनी ठरवायचा, या रागानं माझे कान तापले. पेनाला टोपण लावून मी सही न करताच उठले. आजही कामाच्या फॉर्मवर वडिलांच्या नंबरचा रकाना मी रिकामाच सोडते.